शेड नंबर दोन भरलेली आहे

हा-लेबेसा,
रविवार, १२ मार्च

तांकिसो, माझ्या पासेकाच्या लेकरा,

तू सुखात असशीलच. ज्यांच्या कामाची बातमी रेडिओवर येते ते सुखातच असतात. आम्हीही बऱ्या आहोत. माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं तसं ऐकतं कोण? ज्वारीची कणसं भरली आहेत आणि चिमण्या आमच्याआधी जेवून जातात. लाल गाय व्यायली. पाद्रीबाबांना पुन्हा दम्याने धरलंय, त्यामुळे प्रवचनं आखूड झाली आहेत आणि चर्चमध्ये गर्दी वाढली आहे.

पत्र तुझी आई लिहिते आहे. तिला बजावलंय, मी बोलते तसंच उतरवायचं, मध्ये साखर घालायची नाही. मला अक्षर ओळखता येत नाही, पण लिहून झालं की सगळं तिच्याकडून वाचून घेणार आहे. बाई काही गाळून वाचायला लागली की तिचा आवाज प्रार्थनेसारखा मऊ होतो, ते मला लगेच कळतं. आत्ता बघ, ओठ मिटून हसते आहे.

तर रेडिओ. मंगळवारी मी ज्वारीच्या दारूचं, जोआलाचं पिंप ढवळत होते आणि तुमच्या समितीची बातमी लागली. परदेशी कारखान्यांना आपल्या देशात बोलावण्यासाठी ज्या सवलती दिल्या, त्यांचा आढावा घ्यायला सरकारने समिती नेमली होती. समितीने जागेवर जाऊन पाहणी केली. हा-लेबेसाच्या कपड्यांच्या फॅक्टरीत दोन्ही शेड कामगारांनी भरलेल्या आढळल्या. कामगारांत उत्साह आढळला. सवलतींचं चीज झालं. तेव्हा फॅक्टरीला आणखी दहा वर्षं करमाफी द्यावी. येत्या गुरुवारी राजधानीत, मासेरूला मंत्र्यांपुढे शेवटची बैठक आहे, कुणाला काही म्हणायचं असेल त्याने येऊन म्हणावं, मग सह्या. बातमी देणारा असा खुशीत होता, जणू करमाफी त्यालाच मिळाली.

तुझी आई म्हणाली, आपल्या तांकिसोची समिती. मी म्हटलं, ऐकलं, मी बहिरी नाही.

सवलत म्हणजे काय ते म्हातारीला कळत नाही, असं तुला वाटत असेल. मला समजलं तेवढं सांगते, चुकलं तर हस. आपल्याकडे मुलगी मागायला येणारा माणूस गाई घेऊन येतो. तुमच्या खात्याने काय केलं? समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला मुलगी दिली, वर गाई दिल्या, गोठा बांधून दिला, गोठ्याच्या दारापर्यंत डांबर टाकलं. गावाच्या नळाला सकाळी तेवढं पाणी, आणि त्याला दिवसरात्र. दहा वर्षं त्याच्याकडे काही मागायचं नाही, पाहुणा रुसेल. आता दहा वर्षं सरली तर पाहुणा म्हणतो, निघतो मी, शेजारच्या देशात याहून जास्त देतात. आणि तुम्ही सगळे टोपी हातात धरून त्याच्या मागे पळताय. तुम्ही शिकलेले लोक याला धोरण म्हणता. आम्ही न शिकलेले लोक जे म्हणतो ते तुझी आई लिहायला तयार नाही.

आणि आढावा म्हणे. माझ्या लग्नात तुझ्या आजोबांकडून गाई आल्या (मी त्यांचं नाव घेतलं होतं, पण सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडात येत नाही तसं तिच्या पेनातूनही येत नाही), तेव्हा माझ्या मामाने आढावा घेतला होता. एकेका गाईच्या डोळ्यांपुढे टोपी हलवली, खूर उचलून बघितले, जबडे उघडले. एक गाय टोपीपुढे ढिम्म उभी राहिली. आंधळी होती. मामाने ती परत पाठवली आणि तिच्याबरोबर असा निरोप पाठवला की तुझे आजोबा बरेच दिवस आमच्या गावाकडे फिरकले नाहीत. मामाला सही करता येत नव्हती. तुमच्या समितीत सगळ्यांना येते.

आता तुम्ही कशाचा आढावा घेतलात ते सांगते. मी ऐकलं ते असं.

शेड नंबर दोन ऑक्टोबरपासून रिकामी आहे. हे तुला माहीत आहे, कारण तुझी आई ऑक्टोबरपासून घरी आहे. तिथल्या सगळ्या बायकांना मॅनेजरने घरी पाठवलं, ऑर्डर आली की बोलावतो म्हणाला, आणि कुलूप लावलं. पण सवलत हवी तर दोन्ही शेड चालू दिसायला हव्यात, असा तुमचाच नियम. मग तुमच्या गाड्या यायच्या आदल्या आठवड्यात राम्पाई गावात फिरला. राम्पाई म्हणजे फॅक्टरीत माणसं भरणारा, आपल्याच मातीतला, मॅनेजरच्या पुढे चालताना मागे बघत चालतो तो. घरी पाठवलेल्या बायकांकडे तो गेला नाही. त्या बोलल्या असत्या. ज्यांनी फॅक्टरीचं फाटक आतून कधी बघितलं नाही अशांकडे गेला. चर्चच्या कॉयरमधल्या बायका, दारात पांढरं निशाण लावून जोआला विकणाऱ्या, अशा.

एका म्हातारीला त्याने विचारलं, "न्खोनो, तुला बसता येतं ना?"

ती म्हणाली, "आता तेवढंच येतं."

"मग झालं. शिवायचं नाही. पाय हलवायचा आणि मान खाली ठेवायची."

"कुणी काही विचारलं तर?"

"खूप वर्षं काम करते म्हणायचं."

"ते तर करतेच आहे," म्हातारी म्हणाली.

तर सगळ्या जमल्या. तोंडाला फडकी दिली, धुळीसाठी म्हणून, पण वय झाकायला ती बरी पडली. केसांना एकसारखे निळे रुमाल. मशीनची वीज बंदच ठेवली होती, कुणाच्या बोटात सुई जायला नको. प्रत्येकीच्या मांडीवर शेड एकमध्ये शिवून झालेली एक एक पँट. खुर्चीला पाठ नाही, पत्रा वरून भाजतोय, आणि पायाखालची ती पट्टी अशी घसरडी की पाय तिच्यावर ठेवू की तिला धरून ठेवू, कळत नव्हतं. म्हणजे कळत नसणार.

मग तुमचे अध्यक्ष आत आले. पोट पुढे, हात वर. म्हणाले, "खोत्सो." शांती असो. फॅक्टरीतली बाई मशीनवरून मान वर करत नाही, देव स्वतः आला तरी नाही, पगार कापतात. पण या बायका फॅक्टरीच्या कुठे होत्या? गावसभेत मोठा माणूस खोत्सो म्हणाला की काय करायचं, हे ज्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलंय त्या या. अख्खी शेड उठून उभी राहिली आणि सगळ्या सुरांत म्हणाली, "पुला. नाला." पाऊस पडो, भरभराट होवो. वर कॉयरची सवय, शेवटचा सूर लांबवला. राम्पाईचा चेहरा असा झाला की कुणी त्याच्या विजारीत निखारा टाकला असावा. अध्यक्षांनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले. रेडिओवरचा उत्साह आला तो तिथून. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही प्रश्न पडला नाही, की कामावरच्या बायका इतक्या सहज उठतात कशा आणि त्यांची मशीनं इतकी गप्प कशी.

इथे तुझ्या आईने पेन खाली ठेवलं आहे. मला म्हणते, "म्मे, पायपट्टी घसरडी असते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणीतरी.

म्हणते, "त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात गुडघे दाखवायला गेला होतात."

मी म्हटलं, हे लिहून घे आणि थोडं थांब.

सोमवार

पत्र काल तिथेच थांबलं. तुझी आई उठली, बाहेर गेली आणि जोआला गाळून टाकली, जी अजून एक दिवस आंबायला हवी होती. आज दारात निशाण लावलं तरी कुणी पिणार नाही. आज जेवण झाल्यावर तिनेच कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "सांगा पुढे."

तर सांगते. ती म्हातारी मी.

राम्पाईने दिवसाचा पगार दिला आणि पिठाच्या तळलेल्या माकोएन्या दिल्या. पगार घेतला, माकोएन्या खाल्ल्या, चांगल्या होत्या. पण त्यासाठी गेले नव्हते. तू कळवलं होतंस की समितीबरोबर गावात येतोयस पण घरी यायला वेळ होणार नाही. नाताळानंतर तुला बघितलं नव्हतं. म्हटलं, हा घरी येणार नाही तर जिथे येणार आहे तिथे जाऊन बसावं. तुझ्या आईलाही तेच वाटत होतं, ती बोलली नाही एवढंच. पण तिला फाटकातून आत सोडत नाहीत, आणि मला बोलावून नेत होते. तिच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगू की तुला सोडत नाहीत तिथे मी जाऊन आले? म्हणून गुडघे.

तू कोट घालून आलास. चांगला दिसत होतास. थोडा वाळलायस. अध्यक्ष माझ्या मशीनशी थांबले, माझ्या हातांच्या सुरकुत्या बघून म्हणाले, "बघा, इथे वयाची अट नाही. अनुभवाची कदर करतात." त्यांच्या मागच्या पोरीने ते लगेच टिपून घेतलं. मग तू पुढे झालास. मला विचारलंस, "म्मे, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

घरात तू मला कधी तुम्ही म्हणाला नाहीस. मी म्हटलं, "खूप वर्षं." आणि मांडीवरची पँट तुझ्यापुढे धरली.

तू ती दोन्ही हातांनी घेतलीस, थोडं वाकून.

तांकिसो, त्या दिवशी तुमच्यातल्या सगळ्यांनी कपडे हाताळले. एका हाताने, चिमटीत धरून, उलटसुलट करून मशीनवर टाकत होते. मशीनवरच्या बाईच्या हातून दोन्ही हातांनी कुणी काही घेत नाही. मोठ्या माणसाच्या हातून घेताना दोन्ही हात पुढे करायचे, हे तुला मी शिकवलंय, तुला स्वतःच्या हाताने मक्याची पापा खाता यायच्या आधी. ती पँट तू परत माझ्या मांडीवर ठेवलीस, तीही दोन्ही हातांनी. मग हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलंस आणि पुढच्या मशीनकडे गेलास.

मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, सवयीने आले असतील हात. पोराने ओळखलं नसेल, डोळे तेवढे उघडे होते. ओळखलं असेल तरी तिथे बोलता येत नसेल, मासेरूला गेल्यावर खरं ते लिहील. मग मंगळवारी रेडिओ लागला. दोन्ही शेड भरलेल्या.

आता जे तुला ठाऊक नाही ते ऐक. शुक्रवारी तुझी आई आणि शेड दोनच्या बाकीच्या बायका कामगार कचेरीत गेल्या होत्या. नोकरी गेली तर कायद्याने जे मिळतं ते मागायला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, समितीच्या पाहणीत शेड दोन चालू आहे, तिथून कुणाला काढलेलंच नाही. तुझ्या आईने विचारलं, मग मी आत्ता इथे तुमच्यापुढे उभी कशी? तो म्हणाला, "बाई, कागदावर तुम्ही कामावर आहात."

हे तिने घरी येऊन मला हसत सांगितलं. तिला वाटलं, कुणाची तरी चूक झाली आहे, तांकिसोला कळवलं की तो दुरुस्त करेल. हे पत्र लिहायला ती बसली ती खरं म्हणजे त्यासाठी. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. काल तिला कळलं की तिच्या जागी कोण बसलं होतं. आणि आत्ता, हे लिहिताना, कळतंय की ते कुणी बघितलं होतं. तिचं पेन थांबलेलं नाही. एवढंच तुला सांगते.

त्या शेडमध्ये वाकून तिने परक्यांच्या पँटी शिवल्या म्हणून तुझ्या अंगावर शाळेचा गणवेश आला. हे ती तुला कधी म्हणणार नाही. मी म्हणते, मला लाज कमी आहे.

तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. न्खोनो, खरं लिहिलं तर फॅक्टरी निघून जाईल आणि शेड एकमधल्या बायकाही घरी बसतील. वा. हे तर राम्पाईसुद्धा म्हणतो, आणि तो दुसरीत दोनदा नापास झाला. तेच म्हणायला तुला विद्यापीठात पाठवायची काय गरज होती? मी फॅक्टरी हाकला म्हणत नाही. गाय आंधळी आहे तर आंधळी आहे असं मोठ्याने म्हणा, मग ठेवायची की कसं ते ठरवा. आंधळ्या गाईला चष्मा लावून तिचे डोळे चांगले आहेत म्हणून सही करणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, आणि त्यात एक माझा नातू.

तुला बढती मिळणार आहे असं तू आईला लिहिलं होतंस. तिने ते चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, पाद्रीबाबांना तर दोनदा. मिळू दे. मोठ्या खुर्चीत बस. खुर्चीत बसायला काही यावं लागत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मी तुझ्या आईला म्हटलं, गुरुवारी मासेरूला मी जाते. मीच बसले होते, मीच सांगते. ती म्हणाली, "नाही म्मे. तुम्ही बोललात, मी लिहिलं. जाणार मी." मी म्हटलं, अगं, तुझ्याच पोराच्या समितीपुढे? ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाची असती तर सोडून दिलं असतं." आणि पेन पुन्हा हातात घेतलं. इतक्या वर्षांत मला तिने पहिल्यांदा गप्प केलं. तुझ्या आजोबांनाही कधी जमलं नव्हतं.

हे पत्र सकाळच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, म्हणजे उद्या दुपारी तुझ्या टेबलावर असेल. मधला बुधवार तुझा. त्यात तूच अध्यक्षांना सांगितलंस की शेड दोन रिकामी होती आणि तुला ते त्या दिवशीच कळलं होतं, तर ती येणार नाही. तिकीट वाया गेलं तरी हरकत नाही म्हणते. नाही सांगितलंस तर येईल.

आणि आली तर काय होईल ते आत्ताच समजून घे. तिथे बोलायच्या आधी नाव सांगावं लागतं म्हणे. आपल्याकडे सासरी आलेल्या बाईचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. तिला पहिलं मूल व्हायच्या आधीच आम्ही त्याच्या नावाची आई करून टाकतो. सरकारी कागदावर तुझ्या आईचं जे नाव आहे ते तिला स्वतःला आठवून सांगावं लागतं. कारकुनाने विचारलं की तिच्या तोंडून तेच येईल जे या गावात रोज हाक मारली की येतं: मातांकिसो. तांकिसोची आई. आणि मग अध्यक्ष विचारतील, कुठल्या तांकिसोची?

मला तू ओळखलं नाहीस, असं आपण दोघं मिळून म्हणू. तोंडावर फडकं होतं. तुझी आई उघड्या तोंडाने येते आहे.

तुझी न्खोनो मापासेका,
तुमच्या अहवालाप्रमाणे आजही शेड नंबर दोनमध्ये कामावर असलेली